घर विकून गाडी घ्यावी का?

मागच्या वर्षी रमजान ईदला तिन्ही मुले आर्णीला जमली होती. शिरखुर्मा झाला, मुले-नातवंडे अंगणात बसली, आणि थोरल्याने विषय काढला. "अम्मी-अब्बा, आता इथे एकटे राहू नका. आमच्याकडे या." कुणाकडे, एवढेच ठरेना. थोरला पुण्यात, धाकटा हैदराबादला, मुलगी नांदेडला. शेवटी चार-चार महिन्यांच्या पाळीवर येऊन गाडी थांबली.

मुलांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नाही. पण पाळीने राहणारे आई-बाप आम्ही नात्यात पाहिले आहेत. हॉलमधल्या दिवाणाखाली बॅग, खिडकीत औषधांचा डबा, सकाळी सगळ्यांचे आटोपल्यावर अंघोळीचा नंबर. कुणी वाईट वागत नाही, तरी माणूस चार महिने पाहुणाच राहतो. त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही.

धाकट्याने गंमत म्हणून मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली होती. एक जोडपे घर सोडून मोटरहोममध्ये कायमचे राहायला गेलेले. मुले हसली आणि विसरली. आम्ही विसरलो नाही. आपलेच घर घेऊन मुलांच्या दारात जावे, चूल आपली, पलंग आपला, कंटाळा आला की पुढचे गाव. यापेक्षा मानाचे म्हातारपण कोणते, असे तेव्हा वाटले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आमच्याकडे आधीपासून ठरलेले. त्यामुळे मनात भरलेली मोठी गाडी घ्यायची तर राहते घर विकणे भाग होते. गिऱ्हाईकही लगेच मिळाले. ते इसार द्यायला दोनदा येऊन गेले. "उन्हाळा जाऊ द्या," असे सांगून आम्ही त्यांना थांबवले, आणि अल्लाहची कृपा की थांबवले. नंतरच्या वर्षभरात आम्ही जे पाहिले, विचारले आणि भोगले ते इथे मांडतो. निवृत्तीनंतर असा विचार करणारे आणखीही कुणी वाचक असतील.

सुरुवात गाडीपासून. भारतात मोटरहोम बहुतेक कुठल्यातरी चालू व्हॅनच्या किंवा मिनीबसच्या सांगाड्यावर बांधतात. आमच्यासमोर मुख्यतः दोन सांगाडे आले: फोर्सची ट्रॅव्हलर आणि टाटाची विंगर. ट्रॅव्हलर आपल्याकडे लग्नाच्या वरातीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळीकडे दिसते, त्यामुळे गावोगावच्या मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला आहे. तिच्या नावापुढचे ३३५० किंवा ४०२० हे आकडे म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले मिलिमीटरमधले अंतर. आकडा मोठा तेवढी आतली जागा अधिक आणि गल्लीत वळवताना घामही अधिक. विंगरचे इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे खालून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नसतो आणि तळ खाली राहतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ-उतर सोपी. पण मागच्या बाजूला टाकी, बॅटरी, कपाटे असा भार भरला की पुढची चाके चिखलात फिरत बसण्याची भीती. ट्रॅव्हलरला मागची चाके ओढतात. काळ्या मातीच्या मुलखात हा फरक लहान नाही.

लायसन्सची चिंता आम्ही उगाच केली. एकूण भारासह साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलक्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. आमच्या आवाक्यातल्या सगळ्या गाड्या त्याच्या बऱ्याच खाली होत्या. मात्र वयाची पंचावन्न वर्षे ओलांडल्यावर लायसन्सचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनीच होते. ज्याच्या घराला चाके आहेत त्याचे लायसन्स थांबले की घरही थांबते. आमच्या दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येत होती. दुसरे शिकायला लागले आहे, वय विचारू नका.

खरी काळजी कागदांची. स्वस्तात काम करून देणारे पुष्कळ भेटतात. जुनी मिनीबस आणा, सीट काढू, पलंग आणि ओटा बसवू, महिन्यात गाडी तयार. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मात्र सांगते की, नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे स्वतंत्र मानक आहे, आणि मान्यता असलेल्या बांधणीवाल्याकडची गाडी त्या कसोटीतून आलेली असते. म्हणून जुनी गाडी पाहायला गेलात तर पलंगाची गादी दाबून पाहण्याआधी आरसी मागा. वाहनाचा वर्ग मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा लिहिला आहे की अजून प्रवासी बसच आहे? खाजगी वापराची नोंद आहे की व्यावसायिक, पाटी पांढरी आहे की पिवळी? आम्हाला दाखवलेल्या पहिल्या दोन्ही गाड्या आतून नवरीसारख्या सजवलेल्या होत्या आणि कागदावर बसच होत्या. अशा गाडीला आग लागली किंवा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ज्याने घर विकून गाडी घेतली, त्याचे मग काय उरले?

याच कागदांमध्ये आम्हाला एक गमतीची गोष्ट सापडली. गाडीची नोंदणी मालक जिथे राहतो, जिथे गाडी एरवी उभी असते, तिथल्या पत्त्यावर होते. म्हणजे फिरत्या घराला आधी न फिरणारे घर लागते. घर विकल्यावर आरसीवर पत्ता कोणता घालायचा? थोरल्याचा पुण्याचा घातला तर एमएच-२९ गेले. धाकट्याकडे हैदराबादला गाडी सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. मतदार यादीत नाव राहायचे तर त्या मतदारसंघात सामान्यतः रहिवासी असावे लागते. रेशनकार्ड, बँक, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळीकडे पत्त्याचा रकाना. फक्त गॅसची सोय निघाली: पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो.

पत्ता नसणे म्हणजे काय असते, हे आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातले बंजारा समाजाचे तांडे एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली आणि लदणीचा धंदा बसला. वर इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि फिरणाऱ्या कितीतरी जमातींना फिरण्यावरूनच संशयित ठरवले. तो कलंक कायद्याने पुसला जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडले. पुढे पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, ही आपल्या जिल्ह्याची शान. पण रहिवासाचा पुरावा दाखवा, असे ऐकावे लागणारी फिरती कुटुंबे आजही आहेत. आम्ही हौसेने पत्ता सोडायला निघालो होतो.

चाकांवर राहणारी माणसे शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही. बाबा कंबलपोश यांच्या उरुसाला आर्णीत आकाशपाळणे येतात. त्यांचे मालक-कामगार वर्षातले बरेच महिने ट्रक आणि राहुट्यांमध्ये काढतात. एका वयस्क पाळणेवाल्यांना आम्ही चहाला बोलावले. आमचा नकाशा, सोफा, टीव्ही वगैरे ऐकून ते हसले नाहीत, पण म्हणाले, "अगोदर पाणी कुठं भेटते ते पाहून घेजा, मंग मुक्काम. अन् बायामाणसाची रातची सोय." त्यांच्या ट्रकमध्ये कपडे कमी आणि पाण्याच्या कॅन जास्त होत्या. आमच्या वहीत तोवर पाण्यासाठी एक ओळ होती, पडद्यांच्या रंगासाठी अर्धे पान.

मग ठरवले की आधी भाड्याने घेऊन राहून पाहायचे, आणि तेही मे महिन्यात. हिवाळ्यात सगळीच घरे चांगली वाटतात. नागपूरहून नऊ दिवसांसाठी ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी घेतली. वर्धा, कळंब, यवतमाळ करत आर्णीला मुक्काम, आणि पुढे त्याच राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने महागाव, उमरखेडकडून नांदेड.

पहिली दुपार यवतमाळच्या अलीकडे. बाहेर चव्वेचाळीस अंश. गाडी चालू होती तोवर ठीक. जेवायला उभी केली आणि अर्ध्या तासात पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखे झाले. छतावरचा एसी होता, पण तो कशावर चालवणार? हा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावा, विक्रेत्यावर सोडू नये. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २.४ युनिट. साधी ट्युब्युलर असेल तर ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती आले १.२ युनिट. एक टनाचा एसी भर उन्हात तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. झाला तास की संपली. लिथियमची दुप्पट मोठी बॅटरी घेतली तरी रात्र निघणे कठीण. छतावर पाचशे वॉटचे सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण दोन युनिट देतात. त्यावर फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि मोबाईल आरामात चालतात, एसी नाही. म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात ही गाडी रात्री कुणाच्या तरी भिंतीतल्या सॉकेटला जोडलेली असली पाहिजे. ते सॉकेट सोळा अँपिअरचे हवे, अर्थिंग खरे हवे आणि वायर जाड हवी. नांदेडला मुलीच्या घरून खिडकीतून ओढलेली साधी एक्स्टेंशन तासाभरात हाताला चटका देऊ लागली होती. जावईबापूंनी वेळीच पाहिले.

फ्रिजवर आमचे लक्ष जास्त, कारण आमच्यापैकी एकाला इन्सुलिन लागते. न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी एसीच्या हट्टापायी बॅटरी उतरली आणि मध्यरात्री फ्रिज बंद पडला. सकाळी उघडून पाहिले तर आतला थर्मामीटर एकोणीस दाखवत होता. कुप्या टाकून दिल्या आणि आर्णीच्या औषधांच्या दुकानातून नव्या आणल्या. हेच एखाद्या आडरानात झाले असते तर? गाडी घेताना फ्रिजची बॅटरी वेगळी ठेवून घ्या, तिला दुसरे काहीही जोडू देऊ नका. हा एक सल्ला आम्ही अगदी हक्काने देतो.

पाण्याचे गणित पाळणेवाल्यांनी सांगितल्यासारखेच निघाले. गाडीची टाकी दीडशे लिटरची. पहिल्या दिवशी आम्ही घरासारखेच वागलो आणि दुसऱ्या दुपारी नळ खोकू लागला. दोघांचे पाच वेळचे वजू नळाखाली केले तर त्यातच पंचवीस-तीस लिटर जातात, हे मोजल्यावर कळले. लोट्याने केले तर दहा लिटरच्या आत भागते. पाणी वाया घालवू नये हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते टाकीच्या काचेत उतरताना पाहिले की वेगळेच समजते. पाणी मात्र कुणी नाकारले नाही. पेट्रोल पंपावर, मशिदीत, महामार्गावरच्या एका धाब्यावर, सगळीकडे पाइप मिळाला. एका शेतकऱ्याने मोटर सुरू करून टाकी भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

संडासाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण विकणारे याबद्दल बोलतच नाहीत म्हणून लिहितो. आतल्या संडासाखाली वीस लिटरच्या आसपासची पेटी असते. दोन माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची? राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, पण आम्ही गेलो त्या रस्त्यावर अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि मैला सोडायची सोय असलेला तळ आम्हाला दिसला नाही. नाल्यात ओतणे मनाला पटत नाही. आम्ही दर दोन दिवसांनी ती पेटी झाकून मुलीच्या, नातेवाइकांच्या, एकदा ओळखीच्या शाळेच्या संडासात नेऊन रिकामी केली. हे काम नऊ दिवस एकानेच केले. कुणी केले ते घरात सर्वांना माहीत आहे.

उमरखेडच्या अलीकडे संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. रस्त्यावर झाडे मोडत होती म्हणून गाडी बाजूच्या मोकळ्या शेतात घेतली. एवढी वर्षे या मातीत काढून ही चूक करावी! तासाभरात मागची चाके अर्धी आत. काळी माती भिजली की पायातली चप्पल सोडत नाही, तिथे एवढ्या टनांची गाडी काय सोडणार. रात्र तिथेच काढली. पाऊस पत्र्यावर वाजत होता, आत सुक्या जागेत चहा झाला, आणि खरे सांगायचे तर नऊ दिवसांतली सर्वांत सुखाची रात्र तीच होती. सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढले.

नांदेडला मुलीची गल्ली अरुंद, म्हणून गाडी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर उभी राहिली. नात दिवसभर आमच्याकडेच. रात्री ती झोपली की मुलगी येऊन पायरीवर बसायची आणि बोलायची, माहेरी आल्यावर बोलते तसे. तिच्या घरी पाहुणे म्हणून राहिलो असतो तर ती आमच्यासाठी ओट्यापाशी उभीच राहिली असती. आमची कल्पना अगदीच चुकीची नव्हती, हे तिथे कळले. पुण्याला मात्र गाडी नेलीच नाही. थोरल्याने सोसायटीच्या तळमजल्यातली पार्किंगची उंची मोजून कळवली, २.१ मीटर. आमची गाडी छतावरच्या एसीसकट २.९. बाहेर रस्त्यावर रात्रभर उभी करायला सोसायटीच्या मंडळींची ना होती.

परत आल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. घर विकून कायमचे गाडीत राहायचे तर मार्च ते जून कुणाच्या तरी दारात वीज मागत राहावे लागणार, पावसाळ्यात पक्क्या जमिनीशिवाय थांबता येणार नाही, पुण्यात जागा नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे. तेव्हा आम्ही ऐंशीच्या घरात असू, आणि हाती एक जुनी गाडी. घर जुने झाले तरी खाली जमीन राहते. दोघांपैकी एक आधी गेला, तर मागे राहिलेल्याने कुठे बसायचे, हा प्रश्न वहीत कुणीच लिहिला नाही, पण दोघांच्याही मनात होता. घर घेणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणून कळवले. ते नाराज झाले. त्यांचे चुकले असे नाही.

गाडीचा नाद मात्र सुटला नाही. मोठी गाडी सोडून दिली आणि निवृत्तीच्या पैशात बसेल अशी जुनी, पण कागदावर मोटर कॅरॅव्हॅन असलेली, ३३५० ची ट्रॅव्हलर शोधली. तिला सोफा नाही, टीव्ही नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिच्यात राहायचे, उरलेले महिने आर्णीत. घेण्यापूर्वी तीन गोष्टी केल्या. छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडले आणि आत कपाटांच्या मागे हात फिरवून ओल पाहिली. गॅसच्या कपाटाला तळाशी झरोका आहे का ते तपासले, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. आणि गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. टाकी भरलेली, डिझेल भरलेले, भांडी-गाद्या आत, आम्ही दोघे बसलेले. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आमची ही गाडी पाहून काटेवाले बाहेर आले. "यात काय भरलं हाये?" "संसार," म्हटले. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके काट्यावर. आरसीवर दिलेल्या कमाल भारापेक्षा १४० किलो कमी भरले, म्हणजे चादरी, डबे आणि एखादे नातवंड एवढी सवड आहे. ही पावती आम्ही गाडीच्या कागदांतच ठेवली आहे.

आरसीवर पत्ता आर्णीचाच आहे. थोरल्याने त्याच्या घरापासून दीड किलोमीटरवर एका ओळखीच्यांचे मोकळे आवार महिन्याच्या भाड्याने पाहून ठेवले आहे, तिथे पाण्याचा नळ आहे. सॉकेट अजून बसवायचे आहे. आमच्या अंगणाचे फाटक गाडीला दोन फूट कमी पडते. गवंडी शुक्रवारनंतर येतो म्हणाला आहे.